परतीचं तिकीट आणि मुलाचा ताबा

समजा, न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये राहणारं एक मराठी कुटुंब आहे. नवरा-बायकोचं दोन वर्षांपासून धड पटत नाही. जूनच्या शेवटी शाळेला सुट्टी लागते आणि आई सहा वर्षांच्या मुलीला घेऊन डोंबिवलीला माहेरी येते. परतीचं तिकीट २८ ऑगस्टचं असतं. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात ती नवऱ्याला फोनवर सांगते, की मी आता येणार नाही, मुलीचं नाव इथल्या शाळेत घातलंय. पुढे काय होणार हे दोघांपैकी कोणालाच ठाऊक नसतं. नवऱ्याचे मित्र म्हणतात, ‘हेग कराराखाली केस टाक, सहा आठवड्यांत मुलगी परत येईल.’ बायकोचे नातेवाईक म्हणतात, ‘तू आई आहेस, आईकडून मूल कोण काढून घेतंय?’ दोन्ही सल्ले चुकीचे आहेत. त्यांच्यावर विसंबून जे आठवडे जातात, ते पुढे कितीही मोठा वकील केला तरी परत मिळत नाहीत.

हा लेख अशा आई-बापांसाठी आहे आणि इथे राहणाऱ्या आजी-आजोबांसाठीही. ‘राहा इथेच, बघून घेऊ’ हा निर्णय पुष्कळदा त्यांच्याच घरात, त्यांच्या सांगण्यावरून होतो. अशा वादात कायद्यापेक्षाही वेळ आणि जागा निर्णायक ठरते. कोण आधी कोर्टात गेलं, कुठल्या देशातल्या कोर्टात गेलं आणि तोवर मूल कुठे किती महिने राहिलं, यावर बाकीचं बरंचसं ठरतं.

हेग करार आणि आपण

मुलांच्या आंतरराष्ट्रीय अपहरणाबाबतचा हेग करार २५ ऑक्टोबर १९८० रोजी झाला आणि १ डिसेंबर १९८३ पासून अमलात आला. आज शंभराहून अधिक देश त्यात आहेत. सोळा वर्षांखालचं मूल एका पालकाने दुसऱ्याचा ताब्याचा हक्क डावलून दुसऱ्या सदस्य देशात नेलं, किंवा सुट्टीला म्हणून नेऊन तिथेच ठेवून घेतलं, तर ते नेहमी जिथे राहत होतं त्या देशात त्याला लवकरात लवकर परत पाठवायचं, एवढंच या कराराचं काम आहे. मूल आईकडे राहावं की वडिलांकडे, यात तो पडत नाही. ते मूळ देशातल्या कोर्टाने ठरवायचं. म्हणून ‘हेगखाली केस जिंकली’ म्हणजे मूल आपल्या ताब्यात आलं असं कोणी समजू नये. मूल देशात परत येतं, आणि ताब्याचं खरं भांडण त्यानंतर सुरू होतं.

अर्ज एका वर्षाच्या आत केला तर परत पाठवणं हा नियम आहे. वर्ष उलटलं आणि मूल नव्या जागी रुळलं, तर कोर्ट नकार देऊ शकतं. परत पाठवल्याने मुलाला शारीरिक किंवा मानसिक इजेचा गंभीर धोका असेल, समज आलेलं मूल स्वतःच ठाम विरोध करत असेल, किंवा मागे राहिलेल्या पालकाने आधी संमती दिली होती वा नंतर मान्य केलं होतं असं सिद्ध झालं, तरीही नकार देता येतो. सहा आठवड्यांची जी गोष्ट सगळ्यांच्या तोंडी असते, ती निकालाची हमी नाही. तेवढ्या वेळात निर्णय झाला नाही तर उशिराचं कारण विचारता येतं, इतकंच.

आपल्यासाठी महत्त्वाची गोष्ट अशी, की भारत या करारात नाही. ब्रिटन १९८६ पासून, ऑस्ट्रेलिया १९८७ पासून, अमेरिका १९८८ पासून, जर्मनी १९९० पासून त्यात आहे. कॅनडा पहिल्या सदस्यांपैकी एक. जपान २०१४ मध्ये आला. सिंगापूर, श्रीलंका आणि पाकिस्तानही सदस्य आहेत. आखातातली संयुक्त अरब अमिराती आणि सौदी अरेबिया मात्र नाहीत. करार दोन सदस्य देशांमध्येच चालतो. त्यामुळे एडिसनहून डोंबिवलीला आलेल्या मुलीसाठी तो लागू नाही, आणि डोंबिवलीहून एडिसनला नेलेल्या मुलीसाठीही नाही. एडिसनहून लंडनला नेलं असतं तर लागू झाला असता.

विधी आयोगाने २००९ मध्ये आपल्या २१८ व्या अहवालात करारात सामील व्हावं अशी शिफारस केली. २०१६ मध्ये २६३ व्या अहवालात कायद्याचा मसुदाही दिला. त्यानंतर न्यायमूर्ती राजेश बिंदल यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, २०१८ मध्ये तिचा अहवाल आला. तरीही भारत बाहेरच राहिला. त्यामागचं मुख्य कारण असं, की परदेशातून मूल घेऊन परतणाऱ्यांत छळाला कंटाळून आलेल्या बायका बऱ्याच असतात, आणि करारात गेल्यास त्यांना त्याच घराकडे परत ढकललं जाईल. ही भीती अगदी खरी आहे. पण बाहेर राहून त्या बायकांनाही नीट संरक्षण मिळालेलं नाही, असं मला वाटतं. त्यांना मिळाली आहे ती वर्षानुवर्षांची अनिश्चितता. भारताने करारात जावं, आणि घरगुती हिंसा हा मुलाला असलेला गंभीर धोकाच आहे असं आपल्या कायद्यात स्पष्ट लिहावं, असं माझं मत आहे. ते होईपर्यंत आहे त्या वाटेनेच जावं लागणार, म्हणून ती वाट पाहू.

भारतीय कोर्टं कशी विचार करतात

पहिलं उदाहरण पुण्याचं. मिशिगनमधल्या कोर्टाने घटस्फोट देताना मुलाचा ताबा अमेरिकन आईला दिला होता आणि भारतीय वडिलांना शनिवार-रविवार भेटीची परवानगी होती. मुलाला कोर्टाच्या परवानगीशिवाय मिशिगनबाहेर नेऊ नये, असंही आदेशात होतं. जानेवारी १९८६ मध्ये भेटीच्या नावाखाली वडिलांनी मुलाला पाळणाघरातून घेतलं आणि थेट भारतात, पुण्याला आपल्या आई-वडिलांकडे आणलं. आई सर्वोच्च न्यायालयात आली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये न्यायालयाने मुलाला आईसोबत अमेरिकेला परत जाऊ दिलं. वर्ष पुरं व्हायच्या आत प्रकरण निकाली निघालं.

दुसरं उदाहरण मुंबईचं. आई तान्हं बाळ घेऊन १९८४ मध्ये अमेरिकेतून परतली. वडिलांनी तिकडच्या कोर्टातून ताब्याचा आदेश मिळवला. इकडे खटला पायरीपायरीने वर चढत सर्वोच्च न्यायालयात पोहोचला आणि १९९७ मध्ये निकाल लागला, तोवर मुलगा बारा वर्षांहून अधिक काळ आईजवळ इथेच वाढला होता. न्यायालयाने त्याला आईकडेच राहू दिलं. परदेशी आदेश दोन्ही ठिकाणी होता, फरक पडला तो मुख्यतः काळाने.

यानंतर निकाल इकडे-तिकडे झुकत राहिले. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका ब्रिटनच्या प्रकरणात म्हटलं, की ज्या कोर्टाने आधी परिणामकारक आदेश दिला त्याचं पुढच्या कोर्टाने साधारणपणे ऐकावं. जुलै २०१७ मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ते मान्य केलं नाही. परदेशी आदेश हा विचारात घ्यायच्या अनेक गोष्टींपैकी एक आहे, सर्वांत वर मुलाचं हित, असं त्यांनी ठरवलं. त्या खटल्यातल्या मुलीला हृदयाचा विकार होता आणि आईने छळाच्या तक्रारी केल्या होत्या. मुलगी भारतातच राहिली. पण यावरून ‘आता मुलं परत पाठवत नाहीत’ असा निष्कर्ष काढू नका. २०१९, २०२० आणि २०२२ मध्येही सर्वोच्च न्यायालयाने मुलांना अमेरिकेला परत पाठवलं आहे. जानेवारी २०२२ च्या निकालात न्यायमूर्ती अभय ओक यांनी स्पष्ट लिहिलं, की आईला परदेशी जाऊन राहण्याची सक्ती कोर्ट करू शकत नाही, पण मुलाचं हित तिकडे असेल तर मूल जाईल.

आज न्यायाधीश साधारण काय विचारतात? मूल किती दिवसांपूर्वी आलं? मागे राहिलेला पालक किती तातडीने कोर्टात आला? मूल तिकडे कुठल्या शाळेत होतं, त्याचे डॉक्टर, मित्र, भाषा कुठली? नागरिकत्व कुठलं? तिकडच्या कोर्टाचा आदेश दोन्ही बाजू ऐकून झाला होता की एकतर्फी? एकतर्फी असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १३ नुसार त्याचं वजन पुष्कळ घटतं. मुलाला परत पाठवलं तर त्याच्या रोजच्या देखभालीची काय व्यवस्था आहे? आणि मूल बोलण्याच्या वयाचं असेल, तर न्यायाधीश बहुधा चेंबरमध्ये त्याच्याशी एकट्याने बोलतात. त्या बोलण्याची तयारी करून घेऊन मुलाला पाठवणं हा दोन्ही बाजूंचा आवडता प्रकार आहे. तो लगेच ओळखू येतो आणि पढवणाऱ्याच्याच अंगाशी येतो.

मूल इकडे आलंय आणि तुम्ही तिकडे आहात

सर्वांत आधी तिकडच्या कोर्टात जा. अमेरिकेत बहुतेक सर्व राज्यांत ताब्याच्या दाव्यासाठी मुलाचं ‘गृहराज्य’ पाहतात. मूल आधी सलग सहा महिने जिथे राहिलं ते राज्य. मूल निघून गेल्यावरही तुम्ही तिथेच राहत असाल, तर ते निघाल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा लावता येतो. त्यानंतर हा दरवाजा बंद होऊ लागतो आणि भारत हेच मुलाचं गृहराज्य झालं असा युक्तिवाद समोरून येतो. ‘दिवाळीपर्यंत वाट बघू, राग शांत झाला की येईल’ असं म्हणत थांबलेले वडील बरेच आहेत. बोलणी जरूर चालू ठेवा, पण दावा लावून.

नोटीस भारतातल्या पत्त्यावर रीतसर बजावली जाईल याकडे जातीने लक्ष द्या, समोरच्याला व्हिडिओने हजर राहण्याची संधी मिळू द्या. घाईघाईत मिळवलेला एकतर्फी आदेश मुंबईत फारसा उपयोगी पडत नाही. तिकडचा आदेश इथे आपोआप अमलात येत नाही, हेही लक्षात घ्या. काही देशांचे हुकूमनामे भारतात थेट अमलात आणायची सोय दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४ अ मध्ये आहे, पण ती पैशांच्या हुकूमनाम्यांसाठी, मुलांच्या ताब्यासाठी नाही.

इथे मुख्य वाट म्हणजे उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पसची, म्हणजे मुलाला कोर्टापुढे हजर करण्याची, याचिका. मूल डोंबिवलीत असेल तर मुंबईला, अमरावतीत असेल तर नागपूर खंडपीठाकडे, लातूरला असेल तर छत्रपती संभाजीनगरला, गोव्यात असेल तर गोवा खंडपीठाकडे. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरलाही सर्किट बेंच सुरू झालं आहे, त्यामुळे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गच्या लोकांना मुंबई गाठायची गरज उरली नाही. दुसरी वाट कुटुंब न्यायालयात १८९० च्या पालक आणि पाल्य कायद्याखाली अर्ज करण्याची. तिथे मूल ‘सामान्यतः कुठे राहतं’ हा पहिलाच वादाचा मुद्दा होतो आणि साक्षीपुराव्यात काळ जातो. तातडी असेल तर उच्च न्यायालय बरं. मात्र वस्तुस्थितीचे वाद फार गुंतागुंतीचे दिसले तर तेही तुम्हाला कुटुंब न्यायालयाकडे पाठवू शकतं.

वकीलपत्र आणि मुखत्यारपत्र तिकडे नोटरीसमोर करून त्यावर अपोस्टिल (परदेशात चालणारं सरकारी प्रमाणीकरण) घ्या. ते भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर महाराष्ट्राचं मुद्रांक शुल्क भरायचं असतं. हे राहून गेलं की पहिल्याच तारखेला त्यावरून हरकत येते.

पुरावा म्हणून लोक भावनिक पत्रांची आणि वाढदिवसाच्या फोटोंची चवड आणतात. त्यापेक्षा साधे कागद जास्त बोलतात: लसीकरणाची नोंद, दंतवैद्याची पुढची तारीख, शाळेचा पुढच्या इयत्तेच्या प्रवेशाचा ईमेल, पोहण्याच्या वर्गाची भरलेली फी, आणि परतीचं तिकीट. येताना दोघांच्याही मनात परत जाणंच होतं, हे या कागदांतून दिसतं.

एका सापळ्यापासून विशेष जपा. बायको फोनवर रडत सांगते, मला थोडा वेळ हवाय. तुम्ही समजूतदारपणे व्हॉट्सअॅपवर लिहिता, ‘ठीक आहे, हवे तेवढे दिवस राहा, शाळेचं बघ.’ हेच वाक्य पुढे तुमची संमती म्हणून कोर्टात वाचलं जातं. दिल्लीच्या एका प्रकरणात वडिलांनी मुलाला तिथे आईजवळ ठेवायला लेखी होकार दिला होता. तो दबावाखाली दिला असं ते नंतर म्हणाले, पण २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुलाचं वास्तव्य दिल्लीतलंच धरलं. तेव्हा वेळ द्यायचाच असेल तर असं लिहा: ‘तू आणि मुलगी ३० सप्टेंबरपर्यंत डोंबिवलीत राहायला माझी हरकत नाही. हे तात्पुरतं आहे. तिचं घर आणि शाळा एडिसनमध्येच आहे.’ प्रेमाने लिहा, पण तारीख घालून लिहा.

पोलिसांकडून फार अपेक्षा ठेवू नका. भारतात कोर्टाचा आदेश नसताना नैसर्गिक पालकाने आपलंच मूल नेलं तर तो अपहरणाचा गुन्हा होत नाही. २०२३ मध्ये नागपूर खंडपीठाने एका वडिलांच्या बाबतीत हेच सांगितलं. अमेरिकेत मात्र १९९३ च्या कायद्याने दुसऱ्या पालकाचा हक्क डावलून मूल देशाबाहेर नेणं हा तीन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. रागाच्या भरात ती तक्रार करण्याआधी मात्र दोनदा विचार करा. आईवर अटक वॉरंट असेल, तर ‘मी मुलासोबत परत जाऊ कशी?’ हा तिचा प्रश्न इथल्या न्यायाधीशांना पटतो. मग ते तुम्हालाच सांगतात, आधी वॉरंट मागे घ्या, तिच्या तिकिटाची आणि तिकडे वेगळ्या घराची सोय करा. मुलाला परत आणायचं असेल तर त्याच्या आईला परतीची वाट मोकळी ठेवणं तुमच्याच फायद्याचं आहे.

तुम्ही मुलाला घेऊन परतायच्या विचारात आहात

घरात मारहाण, धमक्या, पैशांची कोंडी असेल, तर तुमची सुरक्षितता आधी. पण सुरक्षित होणं आणि देश सोडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि शक्य असेल तोवर पहिली गोष्ट त्याच देशात करा. पोलिसांकडे नोंद, दवाखान्याचा कागद, कोर्टाचा संरक्षण आदेश. तिकडे असताना मिळवलेला एक संरक्षण आदेश पुढे इथे केलेल्या दहा आरोपांपेक्षा जड ठरतो. अमेरिकेत घरगुती हिंसेसाठी १-८००-७९९-७२३३ ही राष्ट्रीय हेल्पलाइन चोवीस तास चालते. न्यू जर्सीत ‘मानवी’, न्यूयॉर्कमध्ये ‘सखी’, सॅन फ्रान्सिस्को परिसरात ‘मैत्री’ आणि लंडनमध्ये ‘साउथॉल ब्लॅक सिस्टर्स’ या संस्था आपल्याकडच्या बायकांच्या अडचणी जाणतात. सासर काय म्हणेल, स्वतःचा व्हिसा नवऱ्याच्या व्हिसावर अवलंबून आहे, बँकेत स्वतःचं खातं नाही, हे सगळं त्यांना फोड करून सांगावं लागत नाही. महाराष्ट्र मंडळात कोणाला कळेल या धास्तीने गप्प बसू नका, आणि मंडळींनीही अशा घरातल्या बाईला ‘जुळवून घे’ एवढंच सांगून परत पाठवू नये.

छळ नसेल, फक्त संसार मोडला असेल आणि तुम्हाला मुलासह भारतात येऊन राहायचं असेल, तर तिकडच्या कोर्टाकडे स्थलांतराची परवानगी मागता येते. वेळ लागतो, खर्चही होतो, पण परवानगी मिळाली तर आयुष्यभर निश्चिंत राहता. न सांगता आलात तर काय गमावता, तेही आधी पाहा. अमेरिकेचा ताब्याचा आदेश मोडून मूल इथे ठेवलं, तर तुम्हाला अमेरिकेचा व्हिसा नाकारला जाऊ शकतो. जाणूनबुजून मदत करणाऱ्या आणि आसरा देणाऱ्या नातेवाईकांनाही तोच नियम लावता येतो. म्हणजे न्यू जर्सीत राहणाऱ्या दुसऱ्या मुलाच्या लग्नालाही आजी-आजोबांना जाता येणार नाही, अशी वेळ येऊ शकते. ‘राहा इथेच’ म्हणणाऱ्या आजोबांनी हे ऐकून मगच म्हणावं.

पाच वर्षांखालचं मूल सामान्यतः आईकडे, असं १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात आहे, त्यावर पुष्कळ जणी विसंबतात. पण त्याच कायद्याच्या कलम १३ मध्ये मुलाचं हित सर्वोपरी म्हटलं आहे, आणि दोन वर्षांच्या आसपासची मुलंही परत पाठवली गेली आहेत. येऊन चुकला असाल तर उच्च न्यायालयात कॅव्हेट (आम्हाला ऐकल्याशिवाय आदेश देऊ नये अशी विनंती) दाखल करून ठेवण्याबद्दल वकिलाला विचारा, तिकडच्या नोटिशीला उत्तर द्या, ती कचऱ्यात टाकू नका. मूल परदेशी नागरिक असेल आणि ओसीआय कार्ड नसेल, तर त्याच्या व्हिसाची मुदत तपासा. मुदत संपलेलं मूल परवानगीशिवाय देशाबाहेर जाऊ शकत नाही, आणि त्याचा ठपका तुमच्यावर येतो.

उलटही घडतं. नवरा बायकोला सुट्टीसाठी माहेरी सोडतो, तिचा पासपोर्ट आणि मूल घेऊन निघून जातो. तिने त्याच दिवशी पोलिसांत पासपोर्ट गेल्याची तक्रार द्यावी, परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर नोंद करावी आणि ज्या देशात मूल नेलं तिथल्या वकिलाशी बोलावं. अनिवासी भारतीय नवऱ्यांनी सोडलेल्या बायकांना परदेशात कायदेशीर मदतीसाठी भारतीय दूतावासांकडून ठरावीक मर्यादेत आर्थिक साहाय्यही मिळतं.

मूल भारतातून बाहेर गेलं असेल

इथे हेग करार नसला तरी हात बांधलेले नाहीत, हे फार थोड्यांना माहीत असतं. अमेरिकेतल्या राज्यांचा ताब्याविषयीचा कायदा परदेशालाही एखाद्या राज्यासारखंच मानतो. मूल आधी सहा महिने पुण्यात राहत असेल आणि पुण्याच्या कुटुंब न्यायालयाने दोन्ही बाजूंना संधी देऊन आदेश दिला असेल, तर तो तिकडे नोंदवून त्याची अंमलबजावणी मागता येते. इंग्लंडमध्ये तिथलं हायकोर्ट आपल्या अंगभूत अधिकारात मुलाला परत पाठवू शकतं. त्यामुळे इथला आदेश आधी मिळवा. मूल अजून गेलं नसेल पण नेण्याची भीती असेल, तर कुटुंब न्यायालयाकडून परदेशी नेण्यास मनाईचा हुकूम घ्या आणि त्याची प्रत पासपोर्ट कार्यालयाला स्वतः नेऊन द्या. अल्पवयीन मुलाच्या भारतीय पासपोर्टसाठी एरवी दोन्ही पालकांची संमती जोडतात, पण एका पालकाच्या स्वतंत्र प्रतिज्ञापत्रावरही अर्ज करायची सोय आहे. म्हणून तुमची हरकत लेखी नोंदलेली असली पाहिजे. अमेरिकेत मुलाच्या नावाने पासपोर्टचा अर्ज आला की पालकाला कळवण्याची एक सरकारी योजना आहे, तिच्यात नाव नोंदवणं सोपं आहे. मात्र आधीच काढलेल्या पासपोर्टवर प्रवास ती रोखत नाही, भारतीय पासपोर्टबद्दल तिला काही कळत नाही, आणि अमेरिकेतून निघताना आपल्यासारखी इमिग्रेशनची खिडकीही नसते. कोर्टाचा आदेश हाच खरा अडसर.

सुट्टीला निघण्याआधी

पटत नसेल आणि तरीही मुलाला आजी-आजोबांना भेटवायचं असेल, तर एक पान लिहा. दोघांची नावं, मुलाचं नाव, जाण्याची आणि येण्याची तारीख, विमान क्रमांक, भारतातला पत्ता. त्याखाली: ‘ही भेट सुट्टीपुरती आहे. मुलीचं नेहमीचं वास्तव्य एडिसन, न्यू जर्सी इथेच आहे आणि राहील. मुक्काम वाढवायचा झाल्यास दोघांची लेखी संमती लागेल.’ हे पान इंग्रजीत, नोटरीसमोर सही करून, दोघांकडे एकेक. आईला ते सांगतं की वडिलांनी जाऊ दिलं होतं, तिने पळवलं नाही. वडिलांना ते सांगतं की त्यांनी कायमचं राहू दिलं नव्हतं. विश्वास अगदीच उडाला असेल तर तेच पान तिकडच्या कोर्टाच्या आदेशात आणा आणि इथल्या उच्च न्यायालयातही तसाच आदेश नोंदवून घेता येतो का ते विचारा.

अशा जुळ्या आदेशांना दोन्ही देशांच्या कोर्टात एकाच वेळी वजन मिळतं, पण त्यालाही मर्यादा आहेत. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका मुलाला केनियात वडिलांकडे पाठवताना आधी नैरोबीच्या कोर्टातून तसाच आदेश मिळवायला सांगितलं होतं. मूल गेल्यावर वडिलांनी शब्द पाळला नाही, आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला आपला आदेश मागे घेऊन सीबीआयला तपास सांगावा लागला. तेव्हा जुळा आदेश घेताना त्याची अंमलबजावणी तिकडे नेमकी कशी होते, तो मोडल्यास कोणती रक्कम जप्त होईल, हे त्या देशातल्या वकिलाकडून लिहून घ्या.

आणि काहीही झालं, मूल कुठेही असलं, तरी त्याचं दुसऱ्या पालकाशी रोजचं बोलणं तोडू नका. जानेवारी २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने व्हिडिओ कॉलवरच्या भेटी हा मुलाचा हक्क म्हणून मांडला आहे, आणि फोन तोडणाऱ्या पालकाबद्दल पुढच्या तारखेला न्यायाधीशांचं मत बिघडतं. पण कोर्टाचा विचार बाजूला ठेवला तरी सहा वर्षांच्या मुलीला चार महिने बाबा दिसले नाहीत तर ती त्यांच्याशी बोलायला बिचकते, आणि हे नुकसान कुठलाही आदेश भरून देत नाही. कॉलची वेळ आधी सांगितलेल्या पानावर नुसती ‘संध्याकाळी’ अशी लिहू नका, दोन्ही घड्याळांची लिहा. भारतात संध्याकाळी साडेसात म्हणजे उन्हाळ्यात न्यू जर्सीत सकाळचे दहा, पण नोव्हेंबरात तिकडची घड्याळं तासभर मागे जातात आणि तीच वेळ सकाळी नऊची होते, ती थेट मार्चपर्यंत. कॉल कोणत्या घड्याळाप्रमाणे धरायचा, शाळेच्या दिवशी किती मिनिटं, सुट्टीच्या दिवशी किती, आणि कॉल चालू असताना खोलीत दुसरं कोणी बसणार नाही, हे सगळं त्याच कागदावर येऊ द्या.